नाटक संपल्यावर नटाला आत जाऊन भेटावं का? प्रसिद्ध माणसं प्रत्यक्षात कशी असतात?

बदलापूरचा_पोर

आईचा एक आवडता नट आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर धागा त्याच्या मालिकेवर घसरेल. गेली कित्येक वर्षं ती त्याला टीव्हीवर पाहते. पोळ्या लाटताना त्याचा आवाज आला तर लाटणं हातात घेऊनच बाहेर येते. येत्या रविवारी शिवाजी मंदिरला त्याच्या नाटकाचा दुपारी चारचा प्रयोग आहे, तिसऱ्या रांगेतली तिकिटं काढली आहेत. आता तिच्या मनात आलंय की नाटक संपल्यावर आत जाऊन भेटायचं. मावशीने सांगितलंय, दादरला कुणीही आत जातं, मेकअपरूमचं दार उघडंच असतं.

मला भीती वेगळीच आहे. ऑफिसच्या एका कार्यक्रमात मी एका नावाजलेल्या गायकाला जवळून पाहिलं. स्टेजवर इतका गोड बोलला की आमचे साहेब डोळे पुसत होते. नंतर लिफ्टपाशी गाडी यायला दोन मिनिटं उशीर झाला म्हणून ड्रायव्हरला फोनवर असं काही बोलला की त्याचं गाणं लागलं की मला अजून ती लिफ्ट आठवते. आईचं असं होऊ नये. तिला संध्याकाळी बघायला हाच एक माणूस उरलाय.

तर ज्यांनी अशा लोकांना रोजच्या आयुष्यात पाहिलंय त्यांनी सांगा. असतात कसे? आणि आत जाणं बरं दिसतं का?

स्पष्टवक्ता

पडद्यावर देवमाणूस, घरी राक्षस. सगळे सारखेच. आईंना लांबूनच बघू द्या आणि येताना मामा काण्यांकडे बटाटावडा खायला घाला. पैसे वसूल.

तिसरी_घंटा

नाटकाच्या मागे बरीच वर्षं काढली. मागे म्हणजे खरोखरच मागे. फ्लॅट म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंती उभ्या करायच्या, लेव्हल म्हणजे उंचवट्याच्या चौकटी लावायच्या, घंटा द्यायची, विंगेतून टेलिफोन वाजवायचा. दौऱ्यावर बसच्या शेवटच्या बाकावर, सामानाच्या शेजारी. आता गुडघे गेले, घरी बसून धागे वाचतो, म्हणून लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तुमच्या मावशीचं बरोबर आहे. मराठी नाटकात प्रयोगानंतर आत येऊन भेटायची रीतच आहे, त्यात आगाऊपणा काही नाही. उलट नट वाट बघतात. स्टेजवरून त्यांना तुम्ही दिसत नाही, तोंडावर दिवे आणि समोर काळोख. पहिल्या दोन रांगा सोडल्या तर तुम्ही हसल्यावर आणि खोकल्यावरच कळता. आत कुणी आलं नाही, तर चांगले मुरलेले नटसुद्धा टॉवेलने मान पुसत विचारायचे, "काय रे, आज कुणीच नाही आलं?"

अडचण असते ती वेळेची. रविवारी चारचा प्रयोग म्हणजे पडदा साडेसहा-पावणेसातला पडतो. त्याच थेटरात रात्री साडेआठला दुसऱ्याच कंपनीचं नाटक. त्यांचा ट्रक खाली येऊन उभा असतो. म्हणजे इकडे पडदा पडला की तिकडे आमचे हातोडे सुरू. आणि पुष्कळदा हाच नट रात्री ठाण्याला नाहीतर वाशीला उभा राहणार असतो. त्याच्याकडे पंधरा-वीस मिनिटं असतात. त्यात मेकअप उतरवायचा, कपडे बदलायचे, एक कप चहा, आणि बाहेर माणसांची रांग. अशा वेळी तो तुमच्याकडे न बघता "हो हो, थँक्यू" म्हणाला, तर घरी येऊन लोक सांगतात, फार शिष्ट आहे हो. शनिवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान बघा. त्याच नाटकाचा रात्रीचा प्रयोग दुसरीकडे लागलेला असेल तर आईंना आधीच सांगून ठेवा की दोन वाक्यांत आटपायचंय. नसेल तर निवांत जा, कदाचित चहाही विचारतील.

आणखी एक हिशेब. प्रशांत दामले यांचा १२,५०० वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंद सभागृहात झाला. दर प्रयोगाला वीसच माणसं आत भेटायला आली असं धरा. अडीच लाख होतात. अडीच लाख वेळा "काय हसवलंत हो!" ऐकायचं आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करायचा. हेही कामच आहे, फक्त याची वेगळी नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळत नाही.

आता "असतात कसे" म्हणाल तर मी तीन माणसं सांगतो. नावं विचारू नका, मी सांगणार नाही.

पहिला विनोदी नट. त्याच्या एंट्रीला, तोंड उघडायच्या आधीच, थेटर हसायला लागायचं. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची खिडकी त्याची, कानाला मफलर, पनवेल ते कोल्हापूर एक शब्द नाही. नवी पोरं घाबरायची, आपलं काही चुकलं का म्हणून. एकदा कराडच्या पुढे आम्ही एका ढाब्यावर थांबलो. एका कुटुंबाने त्याला ओळखलं, भोवती खुर्च्या ओढल्या. वडील म्हणाले, "एखादा जोक होऊन जाऊ द्या की." याने विचारलं, "आपण काय करता?" "फरशी बसवण्याची कामं घेतो." "मग चार फरश्या बसवून दाखवा." सगळा ढाबा हसला. त्यांना तोच जोक वाटला, खूश होऊन फोटो काढून गेले. तो भयंकर चिडला होता. आम्हाला कळलं, कारण समोरचं ताट त्याने तसंच सोडलं आणि बसमध्ये जाऊन बसला. ते कुटुंब आजही सांगत असेल, स्वभावाने काय दिलखुलास माणूस!

दुसऱ्या एक बाई. आता मालिकांत आजी होतात. तेव्हा नाटकात नायिका होत्या आणि दौऱ्यावर त्यांचं नाव 'खडूस' म्हणून पसरलेलं होतं. गावात बस पोचली की आयोजक हार घेऊन दारात उभे. बाई त्यांना ओलांडून सरळ थेटरच्या मागे, संडासाकडे. दार ढकलून बघायच्या, कडी लागते का बघायच्या, नळ सोडून बघायच्या. पाणी नसलं की बाहेर येऊन म्हणायच्या, "आधी पाणी आणा, मग हार घाला." पुष्कळ गावांत नसायचंच. आमच्या नाटकात चार बायका होत्या, त्यांतल्या दोन कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, तोंडातून शब्द न काढणाऱ्या. सकाळी सहाला बसमध्ये बसलेल्या त्या पोरी दुपारपर्यंत पाणी प्यायच्या नाहीत, का ते समजून घ्या. बाईंनी कधी भाषण दिलं नाही, "मुलींसाठी करते" असं कुणाला सांगितलं नाही. आयोजकाच्या बायकोला मात्र त्या भेटल्या त्या अशा, कपाळाला आठी, हार हातात तसाच. तिने खडूस म्हटलं तर तिचं तरी काय चुकलं?

तिसऱ्याबद्दल लिहू की नको असं झालं होतं. मोठा नट, पुरस्कार वगैरे सगळं. प्रेक्षक आत आले की स्वतः उठून म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्यायचा, लहान मुलांना नाव विचारायचा. दार लागलं की कपडेपटातल्या पोराला आईवरून शिव्या. का, तर झब्ब्याच्या बाहीला इस्त्रीची घडी राहिली. ते पोर सोळा-सतरा वर्षांचं. असं एकदा नाही, रोज. त्या नटाला आत येऊन भेटलेली शेकडो माणसं सांगतील, देवमाणूस. त्यांना मी खोटं कसं पाडू? त्यांना तो तसाच भेटला. विंगेत उभं राहून त्याचं काम बघताना माझ्याही अंगावर काटा यायचा. आणि पडदा पडला की मी पलीकडच्या विंगेतून बाहेर पडायचो, समोर यायला नको म्हणून. तो माणूस वाईटच होता. यात "पण" काही नाही.

स्पष्टवक्ता साहेब, तुमचं "सगळे सारखेच" मात्र मला पटत नाही. पडद्यावर राक्षस आणि बाहेर उलटा, अशीही माणसं झाली. निळू फुले घ्या. एका पिढीतल्या बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, इतके त्यांनी ते पाटील आणि सरपंच रंगवले. तुम्ही पोरं अजून वाड्यावरचे विनोद फिरवता. तो माणूस राष्ट्र सेवा दलातला, तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. नाव झाल्यावर डॉ. श्रीराम लागूंच्या बरोबरीने गावोगाव नाटकाचे प्रयोग केले, कशासाठी, तर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून. त्यांच्या बसमध्ये मी कधी नव्हतो. पण ज्या जुन्या बॅकस्टेजवाल्यांकडून मी काम शिकलो ते 'निळूभाऊ' म्हणताना आवाज उतरवायचे.

पार्लेकर_मावशी

आमचं औषधाचं दुकान आहे, उपनगरात. कोण काय औषध घेतं ते मेले तरी सांगणार नाही, पण माणसं कशी असतात ते सांगते. चष्मा घरी विसरतात. प्रिस्क्रिप्शन हातभर लांब धरून वाचायचा प्रयत्न करतात. मालिकेत कोट्यवधींचे सौदे करणारे गृहस्थ आमच्याकडे साडेतीन रुपये सुटे नाहीत म्हणून गोळी घ्यायला नाही म्हणतात आणि तत्त्वावर अडून बसतात. एक आजोबा आहेत, पूर्वी बातम्या वाचायचे. चेहरा कुणी ओळखत नाही, पण "क्रोसिन आहे का" म्हणाले की रांगेतले सगळे पन्नाशीपुढचे मागे वळून बघतात. त्यांना एक्सपायरीची तारीख मी वाचून दाखवते.

एक निरीक्षण: ज्यांना आपण ओळखलं नाही असं वाटतं, ते मोकळे वागतात. मी कुणालाच ओळख दाखवत नाही. माझ्या सुनेला ते जमत नाही, ती लगेच पदर सावरते. आणि मग समोरचा माणूसही सावरून उभा राहतो.

औंधकर

या धाग्यात नाटक-सिनेमाच चाललंय म्हणून थोडं वेगळं. जयंत नारळीकरांची पद्धत मला अजून सगळ्यात पटते. शाळकरी मुलं वही पुढे करायची सहीसाठी. सर सांगायचे, सही अशी नाही मिळणार. घरी जा, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि उत्तराखाली सही असेल. आणि खरंच उत्तरं यायची, पोस्टकार्डावरच.

आमची शाळा आयुकात, म्हणजे सरांच्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, व्याख्यानाला न्यायची, शनिवारी. पुणे विद्यापीठाच्या आवारात. आमचा निम्मा रस होता त्या चार्ल्स कोरियांनी आखलेल्या इमारतीत, फुकोच्या लंबकात आणि न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाच्या कलमात (सफरचंद लागतं का, हा आमचा एकमेव शास्त्रीय प्रश्न). वह्या मात्र वर्गभर सगळ्यांच्या पुढे आल्या. सही मागायला डोकं लागत नाही, प्रश्न विचारायला लागतं. पोस्टकार्डं किती गेली देव जाणे.

आता कुणी म्हणेल हा सही टाळायचा मार्ग झाला. पण सही करणं दोन सेकंदांचं काम, आणि उत्तर लिहायला बसायचं म्हणजे त्याच्या कितीतरी पट. टाळणारा माणूस स्वतःचं काम वाढवून घेत नाही. सर २० मे २०२५ ला गेले तेव्हा पेपरांत आणि सगळीकडे लोकांनी जपून ठेवलेली ती कार्डं दिसली. सेल्फी असा कुणी जपून ठेवला असता का, शंका आहे. फोन बदलला की गेला.

स्पष्टवक्ता

नारळीकर हा अपवाद. बाकी माझं मत कायम. तिसरी घंटा काका, तो तिसरा कोण ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तिसरी_घंटा

नाही.

बदलापूरचा_पोर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. संडासाच्या गोष्टीवर ती म्हणाली, ही बाई मला आवडेल. कोण असेल यावर आता घरात पैजा लागल्यात.

रात्रीचा प्रयोग पेपरात बघितला, वाशीला आहे. म्हणजे घाईच. तर दोन वाक्यांत काय बोलायचं? आई आतापासून पाठ करतेय आणि त्यात "आमच्या घरातलेच एक वाटता" असं काहीतरी आहे. आणि माझी मावशी म्हणते आधीच, प्रयोगापूर्वी भेटून घ्या, म्हणजे गर्दी नसते.

तिसरी_घंटा

प्रयोगाआधी अजिबात नको. मावशींचं इथे चुकतंय. पहिल्या घंटेच्या आधी जो माणूस आरशासमोर बसलेला असतो तो तुमच्याशी बोलतो, हसतो, पण ऐकत नसतो. कुणी पुटपुटत असतं, कुणी जानवं धरून डोळे मिटून बसतं, एक जण तर दर प्रयोगाआधी कोपऱ्यात उभं राहून भिंतीला हात लावायचा, का ते त्यालाही ठाऊक नसावं. गाण्यात हे आणखी कडक. किशोरीताई आमोणकर मैफलीआधीचा एकांत फार जपायच्या, तानपुरे मनासारखे लागेपर्यंत सभागृहाने थांबायचं. लोक तऱ्हेवाईक म्हणायचे. तेच लोक दोन तासांनी मान खाली घालून, न बोलता बाहेर पडायचे.

बोलायचं काय? "घरातलेच वाटता" ठीक आहे, वाईट नाही. पण ते त्याने हजारदा ऐकलंय. त्या दिवशीच्या प्रयोगातलं एक काहीतरी नेमकं सांगा म्हणावं. दुसऱ्या अंकात तुम्ही पत्र वाचून झाल्यावर घडी घातलीत ती बघून रडू आलं, असं काही. आईंना हे सुचेल, तिसऱ्या रांगेतून सगळं दिसतं. नटाचा चेहरा त्या एका वाक्याला बदलतो. मग तो घाई विसरतो आणि उलट तुम्हालाच विचारतो, "दिसली का घडी तिथून?" हे मी कितीदा पाहिलंय. बाहेर व्यवस्थापक घड्याळ दाखवत उभा, आणि आत हा एका अनोळखी काकूंशी पत्राच्या घडीवर बोलतोय.

"ओळखलंत का?" हे मात्र कुणी विचारू नये. पूर्वी कधी भेटला असाल तर स्वतःच सांगा कुठे भेटलात. तो प्रश्न ऐकला की चांगल्या चांगल्या नटांची बोबडी वळते, कारण खोटं हो म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो, "सांगा बरं कुठे?" आणि कुणाला व्हिडिओ कॉलवर घेऊन फोन त्यांच्या हातात देऊ नका. सासूबाई आहेत, अंथरुणाला खिळल्यात, वगैरे. खरं असेल तरी नको. मागे रांग असते.

फोटो विचारून काढा आणि दोन मिनिटं थांबून काढा. आत गेलात तेव्हा तो बनियनवर असेल, तोंडाला खोबरेल चोपडलेलं, अर्धा चेहरा राजाचा आणि अर्धा स्वतःचा. त्याला शर्ट घालू द्या. खांद्यावर हात टाकू नका, अंग घामाने भिजलेलं असतं आणि लाज त्याला वाटते, तुम्हाला नाही.

राहता राहिलं तो ओळख देतो की नाही, हसतो की नाही. तुमच्या आईंना एवढंच सांगा की त्या पाच मिनिटांत फार तर त्या दिवशीचा प्रयोग कसा गेला ते कळतं. पडला असेल तर पडेल चेहऱ्याने भेटेल. माणूस कसा आहे हे विचारायचं असेल तर कपडेपटातल्या पोराला विचारा, आणि तो सांगणार नाही.

पार्लेकर_मावशी

+१. आणि गजरा नेऊ नका पुरुषाला, आमच्या नणंदेने नेला होता.

बदलापूरचा_पोर

मावशी, 😀. आई विचारतेय, हातात काही न्यायचं का? पेढे म्हणत होती.

तिसरी_घंटा

पेढे नकोत. निम्म्या लोकांना साखर आहे आणि उरलेले मालिकेसाठी पोट कमी करतायत. पेढ्यांचे बॉक्स मेकअपरूममध्ये थप्पीने पडून राहतात, शेवटी आमच्या वाट्याला येतात. आम्हालाही कंटाळा आलेला असतो. तिखटमिठाचं घरचं काही असेल तर बघा.

बदलापूरचा_पोर

चकल्या करते म्हणतेय. भाजणी आहे घरात.

तिसरी_घंटा

चकल्या उत्तम. वाशीच्या वाटेवर गाडीत खाता येतात. एक डबा त्याच्यासाठी आणि एक बॅकस्टेजच्या पोरांसाठी, आणि दुसरा डबा पोरांच्याच हातात द्या, व्यवस्थापकाच्या नको. स्टीलचे डबे नेऊ नका. परत मिळत नाहीत.